कोठीची खोली

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात स्वयंपाकघराच्या मागे एक कोठीची खोली आहे. खोली म्हणायची पद्धत, नाहीतर दोन माणसं आत गेली की एकाला नारळाच्या ढिगावरच बसावं लागतं. एका बाजूला तांदळाची कणगी (ती आता पत्र्याची टाकी झालीय, पण आई अजून कणगीच म्हणते), फळीवर आमसुलांची बरणी, सांडग्या मिरच्या, सुकटीचा एक डबा ज्याचं झाकण गेली दहा वर्षं नीट बसत नाही, वर टांगलेली कांद्याची माळ, आणि मे महिन्यात जमिनीवर गवत पसरून आंब्याची अढी. खिडकी नाही. छपरात एक काचेचं कौल आहे, तेवढाच उजेड. दार जुनं फणसाचं, पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे कडी लावायची तर दार जरा वर उचलून ढकलायला लागतं आणि ही टेक्निक फक्त घरच्यांनाच जमते.

माझी आजी या खोलीत प्रार्थनेला बसायची. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून अख्खी नोकरी केली तिने, पहाटे चारला उठायची सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही. आम्ही पोरं सुट्टीत यायचो तेव्हा अंधारात तिच्या कडीचा आवाज ऐकू यायचा, खट्, आणि मग अर्धा-पाऊण तास काहीच नाही. मला पक्की खात्री होती की आजी आत बसून एकटीच फणसपोळी खाते. एकदा दाराला कान लावून बघितलं तर खाण्याचा आवाज नाही, बोलण्याचा नाही, रडण्याचा पण नाही. चर्चमध्ये हीच बाई टिळकांची भजनं अशी खणखणीत म्हणायची की पेटीवाला मागे पडायचा. टिळक म्हणजे आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन, जन्म आपल्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, आजी त्यांच्याबद्दल अशी बोलायची जणू शेजारच्या वाडीत राहायला होते. तर एवढ्या आवाजाची बाई आत गप्प का, हे कोडं तेव्हा सुटलं नाही आणि मग आपण मोठे होतो, मुंबईला जातो, कोडी विसरतो.

आता माझं सांगतो. मी चर्चमध्ये प्रार्थना छान करतो. हे मी नाही, मंडळी म्हणतात. पाळकसाहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं की मी उभा, आणि मग "हे दयाळू, कृपाळू, प्रेमळ, सनातन पित्या" असे विशेषणांचे डबे एकामागोमाग एक, कोकण रेल्वेसारखे, इंजिन कधी येतंय याची लोक वाट बघतात. शेवटी "आमेन" झालं की मागच्या बाकावरच्या मावशी डोळे पुसतात. एक-दोघांनी तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणून सांगितलंय, लिहून. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरी एकट्याने प्रार्थना? जेवणाआधी दहा सेकंद आणि झोपताना अर्धी, ती पण बहुतेक वेळा "हे प्रभू" वरच संपायची कारण झोप लागायची.

मग २०२१. वर्क फ्रॉम होम करत गावी आलेलो, दुसरी लाट, चर्च बंद, उपासना झूमवर. १६ मे, रविवार, तौक्ते चक्रीवादळ. आदल्या रात्रीपासून वारा असा होता की माड वाकून जमिनीला टेकतात की काय वाटत होतं, पहाटे लाइट गेली, मग रेंज गेली, मग पडवीवरची कौलं एकेक करून पत्त्यांसारखी उडाली. हॉलमध्ये पाणी, बेडरूममध्ये बादल्या. अख्ख्या घरात कोरडी जागा म्हणजे कोठी. रविवार तर होता, उपासना तर नाही, झूम तर नाही, आई म्हणाली तूच घे आता प्रार्थना. घेतली, दणकून घेतली. आई "आमेन" म्हणाली आणि बादल्या बदलायला गेली. मी तिथेच नारळांच्या बाजूला पाटावर बसून राहिलो, दार वाऱ्याने आपटत होतं म्हणून उठून कडी लावली. खट्.

आणि म्हटलं चला, आता बसलोच आहोत तर अजून थोडी करू. अहो, दोन मिनिटांत सगळं संपलं! खरंच. दयाळू म्हणून झालं, कृपाळू म्हणून झालं, आजारी लोकांची नावं घेऊन झाली, आणि पुढे काहीच नाही. ऐकायला कोणी नसलं की ती सगळी वाक्यं अशी पोकळ वाटायला लागतात, बाजारातून आणलेला नारळ कानाजवळ हलवून बघावा आणि आत पाणीच नसावं तसं. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी देवाशी बोलताना एक डोळा मावशींच्या रुमालाकडे ठेवून होतो.

लाइट यायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस मी रोज पहाटे कोठीत. दुसरं करायला काय होतं, फोनमध्ये चार्जिंग नाही, ऑफिसला कळवून झालेलं. काही बोलायचं नाही असं ठरवलेलं, ठरवलेलं म्हणजे सुचतच नव्हतं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणायचं आणि थांबायचं. "रोजची भाकर" पर्यंत पोचलो की समोर तांदळाची टाकी दिसायची आणि हसू यायचं, मागायचं ते समोरच आहे की. कधी पाल चुकचुकायची, कधी घामाच्या धारा. काचेच्या कौलातून उजेड सरकत सरकत कांद्यांवरून नारळांवर यायचा, मी आपला तो बघत बसायचो आणि ही प्रार्थना की टाइमपास, हा प्रश्न पडायचा.

पण शेजारी अढी होती ना आंब्याची. वादळात पडलेले, उतरवून ठेवलेले, सगळे गवतात. ज्यांनी अढी लावलीय त्यांना माहितीये, लावली आणि विसरलो असं चालत नाही. रोज हात घालून एकेक फळ फिरवून बघायचं, डाग पडलेला काढायचा, नाहीतर एक नासका शेजारच्या चारांना घेऊन जातो. बसल्या बसल्या मी ते काम करायला लागलो, हात गवतात आणि तोंडाने काही नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक आंबा उचलला, वरून पिवळाधमक, खाली बोट गेलं तर सरळ आत. काळा, आंबूस वास. आणि काय कनेक्शन लागलं माहीत नाही, पण डोक्यात मोठा भाऊ आला.

भावाचं आणि माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगत नाही, कोकणातला माणूस आहात तर तुम्हाला कारण आधीच माहितीये. त्यालाही मराठीत अढीच म्हणतात, मनातली, हा शब्द कोणी पहिल्यांदा वापरला त्याच्या घरी नक्की आंबे असणार. गंमत म्हणजे या चार वर्षांत मी चर्चमध्ये "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे दर रविवारी म्हटलंय, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. शंभर लोकांच्या आवाजात ते आरामात म्हणता येतं. कोठीत मात्र ते वाक्य घशात अडकलं, पुढे जाईना. मी सलग तीन पहाटे त्याच वाक्यापर्यंत येऊन उठून गेलो, साधी चोरी पकडली गेल्यासारखा.

लगेच फोन केला आणि गळ्यात पडलो असं काही झालं नाही. रेंज आल्यावर तीन आठवड्यांनी केला. बोलणं झालं ते कौलांवर, किती गेली, नवीन कितीला पडतात, पत्रे घालायचे का. अकरा मिनिटं. ठेवताना तो म्हणाला, आईला सांभाळ. बस एवढंच. अजून पूर्ण नीट नाहीये आमचं, पण अढीत हात घालतोय दोघं.

पुढे चर्च उघडलं तेव्हा पाळकसाहेबांना कोठीची गोष्ट हसत हसत सांगितली, वाटलं ते म्हणतील छान साक्ष आहे, रविवारी सगळ्यांसमोर हा अनुभव सांगा. ते भलतंच म्हणाले. बायबलमध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो ना की प्रार्थना करतेवेळी आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, तिथे मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे "तामेइऑन", आणि त्याचा एक अर्थ सरळ सरळ कोठीची खोली! धान्य, सामान ठेवायची घरातली आतली जागा. लूकमध्ये कावळ्यांबद्दल आहे की ते पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांना कोठार नाही, तिथेही हाच शब्द. मी घरी येऊन पहिल्यांदा कोठीकडे बघितलं आणि मग बाहेर कट्ट्यावर बसलेल्या कावळ्याकडे, जो सुकटीच्या त्या झाकण न बसणाऱ्या डब्यावर डोळा ठेवून होता. आजीला ग्रीक कुठून येणार, सातवी शिकलेली बाई. तिने खोली वाचलं, घरात एकटीला मिळेल अशी खोली एकच होती, गेली आणि दार लावून घेतलं.

त्याच ओळीत आपल्या मराठी बायबलमध्ये बापासाठी शब्द आहे, गुप्तवासी. मला तो फार आवडतो. आपण कोपऱ्यात जाऊन बसतो तेव्हा तो आधीच तिथे असतो, मिरच्यांच्या मागे कुठेतरी, असं काहीतरी त्या शब्दात आहे. आधी मी प्रार्थनेला जाताना त्याला वरून बोलवायचो, हॅलो हॅलो माइक टेस्टिंग. आता जाऊन बसतो.

रोज जमतं असं समजू नका. झोप लागते, गेथशेमाने बागेत प्रभू प्रार्थना करत असताना शिष्यांना लागली तशी, त्यांना तरी दुःखाने दमल्याचं कारण होतं. एप्रिलमध्ये कोठीत काजूबोंडांचा असा वास भरतो की बायबलमधल्या हन्नाची आठवण येते, देवळात प्रार्थना करताना, तिचे ओठ नुसते हलत होते आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय. आमच्या शेजाऱ्यांनाही बहुधा तेच वाटतं, दार लावून पहाटे एकटाच आत काय करतो हा. आणि आईच्या हाका. "बाबू, खंय रवलंस? चाय निवली रे!" पूर्वी चिडायचो. मग मार्क पहिल्या अध्यायात बघितलं, प्रभू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला आणि पुढच्याच ओळीत शिमोन आणि बाकीचे शोधत हजर, सगळे तुम्हाला शोधतायत म्हणून. तो चिडल्याचं लिहिलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दार फुगलेलं म्हणून आतली कडी न लावता नुसतं ओढून बसलो होतो. आईने दार ढकललं, मला बघितलं, काही बोलली नाही, वाकून बरणीतून चार आमसुलं काढली आणि गेली. जाताना सवयीने दार उचलून ओढलं आणि बाहेरून कडी. खट्. हाक मारणार होतो, तोंड उघडलंही होतं. मग राहू दे म्हटलं. पाऊस कौलांवर धो धो, अंधार, कांद्याचा वास, माझ्या मनात त्या दिवशी मागायचं काहीच नव्हतं, सांगायचंही नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे, पाय बधिर झाले.

मग कडी निघाली. आई दारात, हातात पळी तशीच.

"तुझ्या आजयेक पण असाच कोंडलेलंय एकदा," ती म्हणाली. "येताना दोन नारळ घेवन ये."