एपिऊसिओस: या महिन्याची नोंद

कोइने ग्रीक, म्हणजे नव्या कराराची ग्रीक, शिकणाऱ्यांसाठी ही नोंद. सध्या मुक्काम प्रभूच्या प्रार्थनेतल्या एकाच शब्दावर आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ यातलं ‘रोजची’ म्हणजे मूळचं ‘एपिऊसिओस’. नव्या करारात ते फक्त मत्तय ६:११ आणि लूक ११:३ इथे येतं, म्हणून त्याचा नेमका अर्थ काय हा जुना प्रश्न आहे. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन ग्रीकमध्येच वाढलेला, तरी तोही म्हणतो की हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो.

इजिप्तमधल्या हवारा इथल्या पपायरसची (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लिखाणाची) भानगड आता मिटली म्हणायची. खर्चाच्या त्या यादीत इंग्रज विद्वान सेस यांनी १८८९ साली हाच शब्द वाचला होता आणि ‘रोजचा शिधा’ या अर्थाला त्याने मोठा आधार मिळाला. मग तो पपायरस गहाळ झाला. पुढे येल विद्यापीठात सापडल्यावर पुन्हा वाचला, तर तिथे ‘एलाइऊ’ निघालं, म्हणजे तेल! हे फेरवाचन १९९९ मध्ये छापून आलं.

मग उरतो तो व्याकरणाचा पुरावा, आणि खरी मजा त्यातच आहे. ‘एपि’ या उपसर्गाला ‘ऊसिया’, म्हणजे सत्त्व, जोडलं तर ‘एपि’तला इओटा (‘इ’ हे अक्षर) गळायला हवा. ‘ऊरानोस’ (आकाश) पासून ‘एपूरानिओस’ होतं, तसंच इथे ‘एपूसिओस’ झालं असतं. ‘एपिएइकेस’सारखे इओटा टिकवणारे अपवाद आहेत, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. पण ‘हे एपिऊसा’, म्हणजे येणारा दिवस, हे रूप घेतलं की इओटाची अडचणच राहत नाही, कारण तो तिथे ‘जाणे’ या अर्थाच्या धातूचाच आहे. प्रेषितांची कृत्ये १६:११ उघडून बघा: पौल त्रोवसहून निघून समथ्राकेस जातो आणि ‘दुसऱ्या दिवशी’ नियापुलीस पोहोचतो. तिथे नेमकं हेच रूप आहे.

बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने मत्तयात या शब्दाची सत्त्वापलीकडची भाकर केली, लूकमध्ये मात्र साधी रोजची. आता हरवलेल्या ‘इब्री लोकांच्या शुभवर्तमाना’त आपल्याला ‘महार’, म्हणजे उद्याची, असा शब्द आढळल्याचंही तोच सांगतो. माझा कौल याच बाजूला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याने येणाऱ्या दिवसापुरतं आज मागावं, हे मला फार खरं वाटतं.

आता लूक घेतला आहे. मत्तयात ‘दोस’, एकदाच दे. लूकमध्ये ‘दिदू’, देत राहा, आणि ‘आज’च्या जागी ‘दररोज’. क्रियापद बदललं की एपिऊसिओसचा अर्थही सरकतो का, हे तपासतो आहे. त्यानंतर निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे इस्राएल लोकांना रानात रोज मिळणारं अन्न.