ओईटी, नर्सिंग आणि ‘रन’ हा शब्द : माझा अनुभव

यूकेमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. मी ओईटी (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट) ही इंग्रजीची परीक्षा निवडली, कारण ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी 350 आणि लेखनात 300 गुण लागतात. वाचन-लेखन सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते ऐकण्यात, आणि तेही ‘रन’ या एवढ्याशा शब्दापाशी.

ऐकण्याच्या पहिल्या भागात रुग्णांचे दोन संवाद असतात आणि छापील टिपणांतल्या 24 गाळलेल्या जागा भरायच्या असतात. ध्वनिफीत एकदाच वाजते. सरावाच्या एका संवादात रुग्ण बाई म्हणाल्या, मंगळवारपासून ‘आय हॅव हॅड द रन्स’. याचा अर्थ लावेपर्यंत पुढच्या जागा निघून गेल्या. बाईंना जुलाब होत होते! वॉर्डात रोज ऐकतो ती तक्रार, पण या रूपात कुणी कधी सांगितलीच नव्हती.

ओईटीच्या क्लासबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. भरमसाट फी घेऊन त्यांनी हातात झेरॉक्स दिली. ‘रन अवे’, ‘रन डाउन’, ‘रन इंटू’, सगळं वर्णानुक्रमे, आणि दर आठवड्याला तोंडी परीक्षा. ‘रन डाउन’पुढे लिहिलं होतं, गाडीखाली चिरडणे. आता एखादी आजी ‘आय फील रन डाउन’ म्हणाली तर तिला अपघात झालेला नसतो, तिच्या अंगात त्राण नसतं. नर्सला यातला कुठला अर्थ आधी लागेल, एवढा तरी विचार करायचा! ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ वेगळे काढले, त्यात त्यांचे नऊ महिने गेले. ते काय घोकून पाठ होणार आहेत?

मला वाट सापडली ती रात्रपाळीत. एक मावशी सांगत होत्या, “सिस्टर, पोराला सकाळपासून जुलाब लागलेत, आता धाप पण लागलीय.” शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, “मला डोक्याला लागलंय.” भूक लागते, उचकी लागते, डोळा लागतो, आणि आपण कधी अडखळत नाही, कारण कोण कशाबद्दल बोलतंय ते आधी कळलेलं असतं.

मग मी झेरॉक्स बाजूला ठेवली आणि वहीत तक्रारीप्रमाणे पानं केली. तापाच्या पानावर ‘रनिंग अ टेंपरेचर’, म्हणजे अंगात ताप आहे. सर्दीखाली ‘रनी नोज’. घरच्या इतिहासाखाली ‘इट रन्स इन द फॅमिली’, वडिलांना मधुमेह, आत्याला मधुमेह. औषधांखाली ‘रन आउट’, गोळ्या संपल्या. पडण्या-आपटण्याखाली ‘रॅन इंटू द डोअर’, म्हणजे दारावर आदळले. तपासण्यांखाली ‘रन सम टेस्ट्स’. प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि बसमध्ये ऐकायचं. ‘गेट’ आणि ‘पास’साठीही हेच करा. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं आणि ‘पास अवे’ म्हणजे मृत्यू, इथे घोटाळा परवडत नाही.

ध्वनिफीत सुरू होण्याआधी टिपणं वाचायला थोडा वेळ देतात. त्यात वरची शीर्षकं आधी बघा. ‘लक्षणं’ या शीर्षकाखाली ‘रन’ आला तर धावण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि एखादी जागा सुटली तर सुटू द्या, तिच्यामागे जाऊ नका.

बोलण्याच्या परीक्षेत समोरची व्यक्ती रुग्ण होऊन बोलते, गुण मात्र ती देत नाही, ते नंतर रेकॉर्डिंग ऐकून दिले जातात. तिचा शब्द कळला नाही तर सरळ विचारा, “म्हणजे शौचाला पातळ होतंय का?” चांगली नर्स असंच विचारते.

लेखनाचं एक सांगायचं राहिलंच. पत्र दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला असेल तर रुग्णाचं ‘रन्स’ जसंच्या तसं उतरवू नका, ‘डायरिया’ लिहा. मला हवे ते गुण मिळाले आणि त्याचा मला फार अभिमान आहे. त्या तक्रारींच्या वहीची झेरॉक्स आता आमच्या वॉर्डातल्या दोघी वापरताहेत.