टॉरच्या माथ्यावरची भट्टी

ग्लास्टनबरी टॉरचं नाव काढलं की लोक आर्थर राजाच्या गोष्टी सांगू लागतात. मला मात्र त्या टेकडीवर सापडलेल्या हाडांविषयी आणि धातू वितळवायच्या मुशींविषयी बोलायचं असतं.

इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या सपाट, पाणथळ मुलखात ही टेकडी एकदम उठते. उंची समुद्रसपाटीपासून १५८ मीटर. माथ्यावर सेंट मायकेलच्या छोट्या चर्चचा मनोरा तेवढा शिल्लक आहे, तोही वर उघडा. मी गेले तेव्हा वारा इतका झोंबत होता की मनोऱ्याच्या आत शिरल्यावरच धड बोलता आलं. बाकीचे लोक दूरवरची शेतं बघत होते. माझी नजर सारखी जमिनीकडे जात होती.

१९६४ ते १९६६ या काळात पुरातत्त्वज्ञ फिलिप राट्झ यांनी इथे उत्खनन केलं. पहिलं चर्च ११ सप्टेंबर १२७५ च्या भूकंपात कोसळलं, १४ व्या शतकात दुसरं उभं राहिलं, १५३९ मध्ये ग्लास्टनबरीचा मठच बरखास्त झाला, हा इतिहास आधीपासून माहीत होता. त्याच्याही आधीचं जग खणताना हाती आलं.

डोंगरमाथ्यावर माती साचत नाही, वाहून जाते. शिवाय पुढचा बांधणारा मागच्याचं खरवडून काढतो. त्यामुळे इथे एकावर एक असे नीट थर मिळत नाहीत. खडकात कोरलेले लाकडी खांबांचे खड्डे आणि खाचांत अडकून राहिलेला केरकचरा मिळतो. त्या कचऱ्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मोठ्या कुंभांची खापरं होती. त्यांच्यावरूनच ही वस्ती पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची असल्याचं कळलं. रोमन सत्ता जाऊनही तिकडचा माल या आडबाजूच्या टेकडीवर पोचत होता! धातुकामाच्या भट्ट्या आणि मुशी होत्या. उत्तर-दक्षिण पुरलेली दोन माणसं होती. ख्रिस्ती दफन सहसा पूर्व-पश्चिम असतं, म्हणून ती त्या धर्माच्या आधीची असावीत असा एक तर्क आहे. आणि गाय, मेंढी, डुक्कर यांची हाडं, भरपूर.

या हाडांनीच वाद उभा केला. इतकं मांस खाणारे संन्यासी कसले, म्हणून राट्झ यांना आधी हा एखाद्या स्थानिक सरदाराचा तळ वाटला. पुढे मात्र त्यांचा कल मठाकडे झुकला. आपणच मांडलेलं मत त्यांनी पुन्हा तपासायला घेतलं, याचा मला फार आदर वाटतो.

तरी माझं मन सरदाराच्याच बाजूला जातं. पाणी आणि सरपण खालून वाहून आणून एवढ्या वाऱ्यात भट्टी पेटवायची, तर वर राहणाऱ्याच्या हाताखाली माणसं हवीत. आणि त्या कारागिरांनी तिथे नक्की काय घडवलं, हे मला आर्थरच्या तलवारीपेक्षा कितीतरी जास्त जाणून घ्यायचं आहे.