एसी बंद कर आधी

मे महिन्यात कोकणातून घाटावर परतणाऱ्या गाड्या बघाव्यात. येताना कपड्यांच्या बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या एवढंच असतं. जाताना मात्र आंब्याच्या पेट्या, गोणीत घातलेला फणस, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ, आणि 'मावतील रे' म्हणत अगदी शेवटी सीटखाली सरकवलेले नारळ. म्हणजे जिकडे चढ, नेमकं तिकडेच ओझं. त्यात सह्याद्रीची पश्चिमेकडची बाजू एकदम उभी. बेळगावकडून आंबोलीला आलात तर चढ कधी लागला ते कळत नाही. सावंतवाडीकडून निघालात तर दाणोली सोडल्यावर सुमारे ६९० मीटर उंचीवरची आंबोली येईपर्यंत रस्ता दुसरं काही सुचू देत नाही.

थोडी वळणं झाली की गाडी कुरकुरायला लागते. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी नुसती घरघर, वेग जागचा हलत नाही. मग मागून एखादे मामा फर्मावतात, "गाडयेक दम लागलो, एसी बंद कर आधी." यावर मागच्याच सीटवरून दुसरा पक्ष उभा राहतो. मुलं लाल झालेली असतात, आजींचा पदर वारा घालायला लागतो आणि गाडी चालवणाऱ्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर मामा बरोबर असतात, पण अर्धेच.

हिशेब मांडून बघू. माणसं आणि पेट्या धरून गाडीचं वजन १४०० किलो. पंधरा मीटर गेल्यावर एक मीटर वर चढणारा रस्ता, आणि ताशी ४० किलोमीटरचा वेग. एवढं वजन नुसतं वर उचलायलाच साधारण १४ हॉर्सपॉवर लागतात. टायरच्या घर्षणात आणखी तीनेक जातात. आता तुम्ही म्हणाल, शोरूममध्ये तर ८० सांगितले होते. ते खरंच असतात, पण इंजिन मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेरे मारत असेल तेव्हा. आपण पेट्रोल वाचवायच्या नादात चौथ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवर गाडी ओढत असतो, आणि छोटं, टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेलं इंजिन तिथे जेमतेम वीसेक देतं. वीसातून सतरा गेले, उरले तीन. जोरात चाललेल्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि तो एकटा चार-पाच मागतो. मामांचं म्हणणं इथपर्यंत पटतं. फक्त एसीच्या बटणाआधी हात गिअरकडे गेला, तर हा वाद बऱ्याचदा उद्भवणारच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं म्हणून लोक घाबरतात. ओरडू दे. घाटात त्या आवाजापेक्षा घरघर वाईट.

या वाटणीत आणखी एक वाटेकरी असतो आणि त्याच्यावर कुणी ओरडत नाही. तो म्हणजे हवा. पेट्रोल कितीही ओता, ते जाळायला हवा लागते, आणि तापलेली हवा विरळ होते. जानेवारीतल्या पहाटेच्या १५ अंशांपेक्षा मेमधल्या दुपारच्या ३५ अंशांना तीच हवा सहा-सात टक्के विरळ असते. कोकणात वर दमटपणा. घामानं अंग जड होतं म्हणून आपल्याला हवाच जड वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि ती प्राणवायूची जागा अडवून बसते. त्यात आणखी दोनेक टक्के गेले. आंबोलीच्या उंचीपर्यंत अजून सातेक टक्के. शिवाय तापलेल्या बॉनेटखालून हवा ओढली गेली, तर इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, त्यातही जोर कमी होतो. टर्बोवाल्यांना उंची फारशी जाणवत नाही, पण ती दाबलेली हवा थंड करणारा त्यांचा इंटरकूलरही घाटात सावकाश जाताना तापतोच. सीएनजीवाल्यांचं सोपं आहे: वायू स्वतःच इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, म्हणून घाटाच्या पायथ्याशी बटण दाबून पेट्रोलवर यायचं.

जुन्या फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या काळी याहून मोठी नाटकं होत. त्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटवलेला. घाटात तो तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. गाडी धडधडत बंद. मग बॉनेट वर करून पंपावर ओलं फडकं घालायचं आणि झाडाखाली बसून राहायचं. डब्यातले लाडू बहुतेक तिथेच संपत. आता पंप टाकीच्या आत बसतो, पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो, त्यामुळे फडक्याची गरज उरली नाही. तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला तर थांबणं मात्र आजही तेवढंच गरजेचं. त्या वेळी रेडिएटरचं झाकण उघडायला जाणाऱ्या उत्साही भाच्याला आवरायचं. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. दाब सुटला की ते उसळून थेट तोंडावर येतं.

क्लचचा जळका वास हा मात्र उन्हाचा दोष नाही, चालवणाऱ्याचा. अरुंद वळणावर समोरून गाडी येते, आपण चढावर अर्धा क्लच धरून तिष्ठत राहतो आणि प्लेट घासत राहते. हँडब्रेक लावून क्लच सोडला तर काही बिघडत नाही. खरं तर ही वेळच येऊ नये. डोंगरी अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, असा वाहतुकीचा लेखी नियमच आहे. तरी वरून डिपर मारत येणारे काही थांबत नाहीत. त्यांना पुन्हा निघायला नुसता ब्रेक सोडायचा असतो; आपल्याला त्या पेट्या, ते नारळ आणि मामांसकट १४०० किलो परत पहिल्यापासून उचलायचे असतात.