झ्यूसच्या दाढीतले मोती

आज व्हिएन्नातील कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या नाणेदालनात, डॅन्यूब खोऱ्यातील केल्टिक या प्राचीन युरोपीय जमातींच्या लोकांनी पाडलेल्या चांदीच्या नाण्यांसमोर मी बराच वेळ उभा होतो. मूळ नमुना मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. ३५९-३३६) याच्या सुमारे १४ ग्रॅम वजनाच्या चतुर्द्रम्माचा, म्हणजे चार द्रम्म मोलाच्या ग्रीक चांदीच्या नाण्याचा आहे, त्याच्या एका बाजूला ग्रीक देवांचा राजा झ्यूस याचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असतो.

भाडोत्री सैनिक म्हणून लढणाऱ्या केल्टांना असे चलन परिचयाचे झाले आणि पुढे ते स्वतःच तशी नाणी पाडू लागले. पिढ्यानपिढ्या नकलेची नक्कल होत गेली, तशी फिलिपच्या नावाची अक्षरे नुसत्या रेघा झाली, झ्यूसची दाढी टपोऱ्या मण्यांच्या ओळींत विरघळली आणि घोड्याचे पाय सांध्यांच्या जागी गोळे असलेल्या सुट्या काड्यांसारखे दिसू लागले. अभ्यासक याला पूर्वी ऱ्हास म्हणत. मला मात्र ते मुळीच पटत नाही, कारण त्या घोड्याच्या मानेची एकच धारदार वक्ररेषा पाहिली की कोरणाऱ्याच्या हाताची खात्री पटते.

आपल्याकडे पश्चिम भारतात प्राचीन काळी राज्य करणाऱ्या पश्चिम क्षत्रप या शक राजांच्या चांदीच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरांच्या कालांतराने अशाच न वाचता येणाऱ्या खुणा झाल्या, हे तिथे प्रकर्षाने आठवले.