पेट्रोलच्या गाडीवर केशरी स्टिकर

म्हापशात माझं गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान आहे. पावसाळा लागला की रस्त्यांवरची खडी उखडते, ती उडून काचेवर बसते आणि आमच्याकडे रांग लागते. त्या दिवशी डिचोलीहून एक निवृत्त मास्तर आले होते. दोनच महिन्यांपूर्वी जुनी गाडी घेतलेली. पुढच्या काचेला खालून वरपर्यंत भेग.

"मेस्त्री, काच बदला, पण फास्टॅग तेवढा सांभाळून काढा. उद्या मुंबईला निघायचंय."

हे वाक्य रोज कोणीतरी म्हणतंच. फास्टॅग सोलला की आतली अँटेना फाटते. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, एका गाडीचा दुसरीला लागू नये म्हणून. बँकेकडून बदली टॅग मागवा, शिल्लक तशीच राहते, असं मी सांगितलं. तोवर नाक्यावर टोल यूपीआयने दिला तर सव्वापट. मास्तरांचा चेहरा उतरला.

मग डाव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथला होलोग्रामचा स्टिकर म्हणजे गाडीची तिसरी नंबरप्लेटच. १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना तो लागूनच येतो. पेट्रोल, सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी. मास्तरांची गाडी पेट्रोलची, स्टिकर केशरी!

मोबाईलचा टॉर्च लावून वाचलं. पाटीवर जीए-०३, म्हणजे आमचं म्हापसा. स्टिकरवर जीए-०८, मडगाव. इंजिन आणि चॅसीचे नंबर आरसीशी ताडले, तेही जुळेनात. हा स्टिकर काढायला गेलं की त्याचे तुकडे होतात, म्हणजे या काचेवर तो दुसरीकडून आणून चिकटवलेला नव्हता. भंगारातल्या कुठल्यातरी डिझेल गाडीची अख्खी काचच इथे बसवली होती. कडेचं रबर उचललं तर खाली पीयूचे, म्हणजे काच चिकटवायच्या गोंदाचे, दोन थर, जुना न तासताच त्यावर नवा फासलेला. असलं काम बघितलं की माझं डोकं फिरतं. पुढची काच अपघातात छपरालाही आधार देते, ती अशी चिकटवायची?

"पण विकणारा म्हणाला, गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही," मास्तर म्हणाले.

"ओरखड्याचं मला ठाऊक नाही मास्तर. काच मात्र या गाडीची नव्हे."

त्यांनी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आवाज चढलेला ऐकू येत होता. मास्तर मात्र वर्गात बोलावं तसे, एकेक शब्द सुटा करून बोलत होते.

नवी काच बसवली. पावसात पीयू सुकेल का, हा प्रश्न त्यांनीही विचारला. चौकट कोरडी असली की झालं. पीयू हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो, त्यामुळे गोव्याचा जुलै त्याला मानवतो. नव्या स्टिकरसाठी आरसी घेऊन कंपनीच्या शोरूममध्ये जायला सांगितलं.

जुनी काच मी भंगारात टाकायला निघालो तर त्यांनी हात धरला. मुंबई रद्द. मागची सीट आडवी केली, दुकानातली जुनी चादर गुंडाळून काच आत सरकवली आणि मास्तर थेट विकणाऱ्याच्या दारात निघाले.