तुम्ही विचारलेत म्हणून : बडोद्यात बसून समुद्र
दांडिया बाजारातल्या हळदीकुंकवापासून मुलाच्या शाळेतल्या पालकसभेपर्यंत मला एकच प्रश्न विचारला जातो : "बडोद्यात समुद्र नाही, मग तुम्ही इथे बसून समुद्रातल्या जिवांचा अभ्यास कसा करता?" आजवर मी इतिहास पुढे करत आले. द्वारकेभोवतीचा ओखामंडळ हा किनारी प्रदेश बडोदे संस्थानाचाच मुलूख होता. तिथल्या सागरी प्राण्यांची पाहणी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासकाकडून करवून घेतली आणि त्या अहवालाचे दोन भाग १९०९ आणि १९१६ साली प्रसिद्ध झाले. हे उत्तर खरे असले तरी प्रश्नाला बगल देणारे आहे. हॉर्नेल किनाऱ्यावर गेले होते. मी बहुतेक वेळ खुर्चीवर असते.

एखादा जीव जिथे सापडल्याची नोंद आहे ते बिंदू घ्यायचे, तिथली खोली, तापमान, क्षारता आणि तळाचा प्रकार पाहायचा, आणि तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे हे संगणकाकडून शोधून घ्यायचे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. यातून निघते त्याला आम्ही प्रतिमान म्हणतो. अडचण अशी की 'सापडला' अशा नोंदी मिळतात, 'शोधला पण सापडला नाही' अशा जवळजवळ मिळतच नाहीत. कच्छच्या आखातात अभ्यासकांची पावले नरारा, पिरोटन, पोशित्रा अशा प्रवाळाच्या जागी वळतात. मैलोन्‌मैल पसरलेल्या चिखलात कोण उतरणार? शिवाय उपग्रहावरून मिळणाऱ्या तापमानाचा एक चौकोन सुमारे चार किलोमीटरचा असतो आणि ओहोटीला उघडी पडणारी पट्टी कित्येकदा त्या एकाच चौकोनात संपते. गढूळ पाण्यात तर गाळ आणि हरितद्रव्य यांतला फरक उपग्रहाला धड कळत नाही. हे सगळे मला आधीपासून ठाऊक होते, हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे जे घडले ते अज्ञानातून घडलेले नाही.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जी पातळ, अर्धपारदर्शक शिंपली बसवलेली दिसते, तिचा मी नकाशा केला होता. हा जीव चिखलावर आडवा पडून राहतो. नकाशे खरे तर दोन होते : एकात तिला मानवेल अशी जागा गडद आणि न मानवेल ती फिकट, दुसऱ्यात माझ्या अंदाजावर कुठे किती विसंबावे हे दाखवलेले. लेखात एकाच आकृतीला जागा आहे असे मला सांगण्यात आले आणि मी दुसरा नकाशा वगळला. तो दिसायलाही वाईट होता : निम्म्याहून अधिक भागावर 'इथले काही सांगता येत नाही' अशा तिरप्या रेघा. इतक्या वर्षांच्या कामावर स्वतःच रेघा ओढाव्यात, हे मला नको होते. जागेचे कारण सोयीचे होते, एवढेच.

दोन वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याने एका जेट्टीच्या प्रस्तावाचा अहवाल पाठवला. सोबत फक्त पानाचा क्रमांक होता. त्या पानावर माझा नकाशा होता आणि फिकट पट्ट्याखाली, माझे नाव देऊन, तिथे या जातीचा अधिवास नाही असे लिहिले होते. मी तीन पानी पत्र पाठवले. उत्तर दोन ओळींचे आले : नकाशा आपण प्रसिद्ध केला आहे, आम्ही त्यात काहीही बदललेले नाही. त्या उत्तरात खोडून काढण्यासारखे एक अक्षर नव्हते.

मग अमावास्येच्या उधाणाची ओहोटी गाठून मी स्वतः त्या पट्ट्यात गेले. गुडघाभर चिखलात एक पाऊल उचलावे तर दुसरे रुतावे, अशा चालीने पाणी परत फिरेपर्यंत जेमतेम दीड किलोमीटर झाले असेल. जिवंत शिंपली एकही मिळाली नाही. अकरा सुटी शकले, म्हणजे शिंपलीच्या जोडीतली एकेक झडप, मिळाली, आणि त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण रिकामी शकले भरतीच्या ओढीने कुठूनही येऊ शकतात. परतताना मला वाईट वाटले ते शिंपली नसल्याचे नव्हे, तर आपले म्हणणे खरे ठरले नाही याचे. हे कबूल करायला मला बराच काळ लागला.

तेव्हा तुमचा प्रश्न ओखा किंवा वेरावळला राहणाऱ्यालाही लागू आहे, असे मी म्हणते. किनाऱ्यावरचा माणूस ओहोटीला काही शे पावले पाहतो; उरलेला समुद्र त्यालाही अंदाजानेच ओळखावा लागतो. पण असे म्हणताना तिशीतली मी आठवते, जी व्याख्यानात ठासून सांगत असे की अंतराने काही बिघडत नाही, आकडे पुरेसे असतात. तिला तो चिखल एकदा दाखवायला हवा होता; आणि तिने मला उलट विचारले असते की दीड किलोमीटर चालून तुला तरी काय कळले.

सध्या त्याच किनाऱ्याचा नवा नकाशा करते आहे. जिथे कोणी शोधलेच नाही तो भाग या वेळी पांढरा ठेवला होता. परवा घरी आलेल्या मावशींनी तो पाहून सहज विचारले, "या पांढऱ्या भागात काही राहत नाही का गं?" तेव्हापासून रेघा परत घालून पाहते आहे.